जमिनीवरची लपण आणि धनुष्यबाणाने हरणाची शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात ड्रिफ्टलेस नावाचा डोंगराळ पट्टा आहे. हिमयुगात आजूबाजूचा सगळा प्रदेश हिमनद्यांनी घासून सपाट केला, हा तुकडा तेवढा सुटला. त्यामुळे इथे घळी आहेत, सोंडा आहेत, ओढे आहेत. या घळींमध्ये मी गेली नऊ वर्षं दर सप्टेंबर ते डिसेंबर धनुष्य घेऊन पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या वाटेवर बसते. दिवाळीच्या फराळाला कुणी ना कुणी बाजूला घेऊन हळूच विचारतंच, "तुम्ही खरंच हरीण मारता?" आणि दहा मिनिटांनी तोच माणूस लपणीच्या किमतीवर येतो. तेच तेच प्रश्न असतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. नियम जिथे सांगितलेत तिथे ते विस्कॉन्सिनचे आहेत. तुमच्या राज्याचं यंदाचं नियमपुस्तक वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

लपण म्हणजे तंबूच ना?

दिसायला तंबूच, पण काम उलटं. तंबू पाऊस अडवतो, लपण उजेड अडवते. इथे तिला ग्राउंड ब्लाइंड म्हणतात, पण आपल्याकडे चांगला शब्द असताना तो का सोडायचा? झाडावर बांधतात ते मचाण, जमिनीवर आडोसा करून बसतात ती लपण.

बाजारात मिळते ती बहुतेक पाच गाठ्यांची असते. चार भिंती आणि छत, प्रत्येकाच्या मधोमध एक गाठा, म्हणजे काड्यांचा सांधा, आणि त्यातून निघणाऱ्या फायबरग्लासच्या काड्या. गाठ्याची दोरी बाहेर ओढली की भिंत 'टप्प' करून ताणली जाते. दुसरा प्रकार म्हणजे पडलेली झाडं, फांद्या, गवत वापरून जागेवरच केलेला आडोसा. तिसरी लाकडाची कायमची खोली, तिच्याबद्दल मी फार बोलणार नाही, कारण ती ज्याची जमीन त्याची चैन.

सगळे झाडावर बसतात. मग तुम्ही जमिनीवर का?

गुडघे. हे खरं उत्तर.

शोभेचं उत्तर असं की धनुष्य ओढताना हालचाल करावीच लागते, आणि भिंतीआड ती झाकली जाते. बंदूकवाल्याला बोट हलवायचं असतं, आपल्याला आख्खा खांदा. शिवाय झाडावरून पडून माणसं जायबंदी होतात, मरतातही. मचाणावर जायचंच असेल तर अंगभर आवळायचा सुरक्षा पट्टा (हार्नेस) आणि दोर चढायच्या क्षणापासून लावलेला हवा. पोराला किंवा नवऱ्याला सोबत न्यायचं तर लपणच बरी, कुजबुजता येतं, थर्मासमधला चहा पिता येतो.

तोटे मात्र मोठे आहेत. वरून शंभर वार (यार्ड) दिसतं, लपणीतून खिडकीएवढं जग दिसतं. आणि तुमचा वास थेट हरणाच्या नाकाच्या उंचीवरून वाहतो. लपण म्हणजे सोपा मार्ग असं कुणी सांगितलं तर तो ती विकत असेल.

हरणाला नेमकं काय दिसतं?

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, हरणाच्या डोळ्यात दोन. निळं त्याला चांगलं दिसतं, हिरवं-पिवळं बऱ्यापैकी, पण नारिंगी किंवा लाल असं त्याच्या जगात काही नाही. म्हणून शिकाऱ्याचं भडक नारिंगी जाकीट माणसाला अर्ध्या मैलावरून टोचतं आणि हरणाला पाचोळ्यातलं काहीतरी वाटतं. उलट निळी जीन्स. ती घालून जंगलात जाणाऱ्याला मी हात जोडते.

आणखी एक. आपल्या डोळ्यातलं भिंग अतिनील किरण अडवतं, हरणाचं अडवत नाही. 'कपडे चमकदार पांढरे' करणाऱ्या साबणांत जी द्रव्यं असतात ती नेमकी याच टोकाला उजळतात. जंगलात घालायचे कपडे अशा साबणात धुऊ नयेत.

पण रंग ही दुय्यम गोष्ट. हरीण हालचाल पाहतं. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त पाठीमागची एक पट्टी सुटते. म्हणून लपणीचं सगळं गणित एका गोष्टीवर आहे: आत काळोख हवा. आतला कपडा काळा असतो तो त्यासाठी. आत बसताना पानाफुलांचे छापील कपडे नकोत, साधा काळा स्वेटर, काळे हातमोजे, काळी माकडटोपी. होय, तीच, आजोबा महाबळेश्वरला घालायचे ती. मागच्या भिंतीच्या खिडक्या घट्ट बंद. मागची एक जरी फट उघडी राहिली तरी तुमची बाह्याकृती त्या उजेडावर कात्रीने कापल्यासारखी उमटते. बाहेर जाऊन वीस पावलांवरून आपल्याच खिडकीत बघा, आत जोडीदाराला हात हलवायला सांगा. हात दिसला तर कुठेतरी उजेड शिरतोय.

तिसऱ्या वर्षी एक मादी माझ्या खिडकीपासून नऊ पावलांवर आली आणि सरळ आत बघत उभी राहिली. तिच्या पापण्यांचे केस दिसत होते. नाकपुड्या ओल्या. मी श्वास रोखला होता, पण तिला काळोखाच्या चौकोनाशिवाय काही दिसत नव्हतं. तिने मान खाली घातली, ओकची फळं चघळायला लागली. त्या दिवशी मी बाण सोडला नाही, हात थरथरत होते.

वासाचं काय? लपणीत वास कोंडला जातो म्हणतात.

थोडा कोंडला जातो, हे खरं. वाऱ्याकडच्या खिडक्या बंद असतील तर आतली हवा संथ राहते. पण त्यावर विसंबून वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला बसाल तर संध्याकाळ फुकट. डोळे फसवता येतात, नाक नाही.

आपल्या घरांतली खास अडचण म्हणजे फोडणी. मोहरी, हिंग, कढीपत्ता, गरम मसाला यांचा वास जाकिटाच्या अस्तरात वर्षभर मुक्काम करतो. माझे शिकारीचे कपडे गॅरेजमध्ये झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असतात, स्वयंपाकघरात कधीच येत नाहीत. निघण्याच्या सकाळी केसांना तेल नाही, अंगाला पावडर नाही, गुडघ्याला बाम तर अजिबात नाही. गाडीतून उतरल्यावर बाहेरच कपडे बदलायचे. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला हे सगळं शिकवलं आणि मग म्हणाला, एवढं करूनही वारा फिरला तर हरणाला तू माणूसच. तो बरोबर होता.

वारा बघायला मी म्हातारी वापरते. इथे शेताच्या बांधावर मिल्कवीड नावाचं झुडूप असतं, आपल्या रुईच्या कुळातलंच, तोडलं की तसाच पांढरा चीक येतो. शरद ऋतूत त्याच्या बोंडातून रेशमी म्हाताऱ्या बाहेर पडतात. दोन बोंडं खिशात ठेवायची आणि एकेक म्हातारी खिडकीतून सोडायची. बाटलीतल्या पावडरीचा ढग तीन फुटांवर विरतो; म्हातारी पन्नास-साठ पावलं दिसत राहते आणि वारा पुढे जाऊन कुठे वळतो, कुठे खाली बसतो ते दाखवते.

डोंगरात हे फार कामाचं. ऊन चढलं की हवा तापून उतारावरून वर सरकते, संध्याकाळी गार होऊन पाण्यासारखी घळीत उतरते. म्हणजे सकाळच्या आणि संध्याकाळच्या लपणीची जागा एक असू शकत नाही. संध्याकाळी घळीच्या तोंडाशी हरणं येणार असतील आणि तुम्ही वर सोंडेवर असाल, तर वारा कितीही अनुकूल वाटला तरी सूर्य कलल्यावर तुमचा वास त्यांच्यापर्यंत घरंगळत जाणार.

लपण नेमकी कुठे लावायची?

पाण्यापाशी, मक्याच्या शेताच्या कोपऱ्यावर, पांढऱ्या ओकखाली, दोन रानं जोडणाऱ्या झाडीच्या चिंचोळ्या पट्टीत. वाट शोधा, खुरांचे ठसे आणि लेंड्या बघा, आणि मग वाटेवर नाही तर वाटेपासून पंधरा-वीस वार बाजूला लावा.

पाठीला काहीतरी भक्कम हवं: झाडांचा पुंजका, बांध, उन्मळून पडलेल्या झाडाचं मूळ. मोकळ्यावर ठेवलेला चौकोन निसर्गात कुठेच नसतो आणि हरणाला ते कळतं. तोंड उगवतीला किंवा मावळतीला नको. तिरपं ऊन खिडकीतून आत शिरलं की तुमचा चेहरा दिव्यासारखा पेटतो. सावलीतली जागा निवडा, दिवसभर सावलीत राहणारी.

आतली जमीन मातीपर्यंत खराट्याने साफ करा. पाचोळ्यावर बूट सरकल्याचा आवाज नोव्हेंबरच्या गोठलेल्या सकाळी पापड मोडल्यासारखा येतो.

किती दिवस आधी लावून ठेवायची?

शक्य असेल तर दोन-तीन आठवडे. पहिल्या वर्षी मी शुक्रवारी संध्याकाळी लावली आणि शनिवारी पहाटे जाऊन बसले. एक मादी दोन पिल्लांसह आली, चाळीस वारांवर थबकली. डोकं वर-खाली केलं, पुढचा पाय जमिनीवर आपटला, पुन्हा आपटला. मग नाकातून जोरात फुत्कार, पांढरी शेपटी झेंड्यासारखी वर, आणि सगळी घळ रिकामी. रोजच्या वाटेवर रातोरात उगवलेली खोली तिला आवडली नाही. आपल्या गल्लीत एका सकाळी नवीन खोका दिसला तर आपणही आधी चौकशीच करतो.

गंमत म्हणजे रानटी टर्कीला याचं काही वाटत नाही. भर शेतात उभ्या केलेल्या लपणीशेजारून ती चरत जाते. म्हणून टर्कीवाल्याचा सल्ला हरणासाठी घेऊ नये.

फांद्या लावून झाकणं गरजेचं आहे का?

हो. तुमच्याकडे दोन आठवडे नसतील तर दुप्पट गरजेचं. आजूबाजूला जे उगवतं तेच वापरा. मक्याच्या शेतात मक्याची ताटं, गवताळ भागात गवताच्या पेंढ्या, झाडीत सीडरच्या फांद्या (त्या हिरव्या राहतात आणि वासही देतात). लोक भिंती झाकतात आणि छप्पर विसरतात. खरं तर छपराची सरळ रेघ आणि चार कोपरेच चुगली करतात. ती रेघ मोडा. मग खिडकीपुढच्या काड्या कापा, नाहीतर बाण त्यांनाच लागेल.

सरकारी जमिनीवर दोन आठवडे ठेवता येईल का?

नाही, आणि इथेच बहुतेक नवखे अडकतात. विस्कॉन्सिनच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, म्हणजे डीएनआरच्या, जमिनीवर, निदान राज्याच्या दक्षिण भागात, लपण रोज शिकारीची वेळ संपली की काढून न्यावी लागते. दारापाशी तुमचं नाव-पत्ता किंवा डीएनआरचा ग्राहक क्रमांक लावलेला हवा. बंदुकीचा हंगाम चालू असेल तर चारही बाजूंनी दिसेल असं किमान १४४ चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड हवं, म्हणजे फूटभर लांब-रुंद तुकडा. गुलाबी रंग २०१६ पासून चालतो.

या नियमांतून एक वाट आहे: त्याच जागेवरच्या मेलेल्या झाडोऱ्यापासून केलेली लपण. पडलेल्या ओकच्या बुंध्याला सुक्या फांद्या टेकवा, मध्ये गवत खोचा, मागे दाट ठेवा, पुढे कंबरेएवढं. हिरवं काही तोडायचं नाही. सरकारी रानात मी कपड्याच्या लपणीपेक्षा हीच पसंत करते. आठवडाभर ती तिथेच असते, हरणांना सवय होते, खांद्यावर आठ-दहा किलोंची पिशवी न्यावी लागत नाही. वर छत नसल्यामुळे काळोख मात्र मिळत नाही. तेव्हा इथे पानाफुलांचे छापील कपडे आणि पाठीशी रुंद बुंधा, दोन्ही लागतं.

घरी बनवायची असेल तर काय काय लागेल?

हा माझा आवडता प्रश्न. खाजगी जमीन आणि मालकाची परवानगी धरून चालू.

शेतीच्या दुकानात गुरांच्या कुंपणाची जाड तारेची चौकट मिळते, १६ फूट लांब आणि ५० इंच रुंद. अशा दोन घ्या. प्रत्येक चौकट कमानीसारखी वाकवायची: दोन टोकांत आठ फूट अंतर ठेवलं की मधली उंची साधारण सहा फूट येते. वाकवायला दोन माणसं लागतातच. एकटीने करायला गेले आणि सुटलेल्या टोकाने माझा चष्मा उडवला. दोन्ही कमानी एकामागे एक लावून तारेने बांधा, टोकं जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना आवळा. आठ बाय आठची खोली झाली.

आता वरून गोणपाट. इथे बर्लॅप म्हणून गुंडाळीने मिळतं. तागाचं, ज्याच्यावर लहानपणी आपण पावसात चिखलाचे पाय पुसलेत. पुन्हा इथे भेटल्यावर बरं वाटतं. एकेरी गोणपाटातून उजेड झिरपतो, म्हणून आतून काळं कापड टाचायचं. नुसतं गोणपाट टाकलं तर दुपारच्या उन्हात तुमची सावली बाहेरून सिनेमासारखी दिसते. पुढची आणि मागची उघडी बाजू लाकडी पट्ट्यांची चौकट करून बंद करा, पुढे खिडक्या, मागे बिजागरीचं दार. बिजागरीला तेलाऐवजी मेण घासा, वास नाही आणि करकर नाही. चौकटीच्या भोकांतून गवताच्या पेंढ्या विणल्या की दोन पावसांनंतर ती लपण तिथेच उगवल्यासारखी दिसते.

मालाची फळकुटं, म्हणजे पॅलेट, फुकट मिळतात म्हणून काही जण वापरतात. चालतील, पण शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं लाकूड, ते घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते तिथेच सोडा.

खिडकी किती उंचीवर हवी?

आकडा विचारू नका, खुर्ची आणा. ज्या खुर्चीवर बसणार तीवर बसा, धनुष्य पूर्ण ओढा, आणि बाणाचं टोक जिथे येतं तिथे खूण करा. खिडकीची खालची कड त्याच्या चांगली चार बोटं खाली हवी.

कारण सांगते. नेम धरताना तुम्ही दोरीवरच्या बारीक भोकातून बघता, आणि बाण त्या रेषेच्या चार-पाच इंच खाली असतो. डोळ्याला समोर मोकळं हरीण दिसतं, पण बाणाच्या समोर खिडकीचं कापड असतं. दुसऱ्या वर्षी एक देखणा नर अठरा वारांवर आडवा उभा होता. मी नेम धरला, बाण सोडला, आणि 'फट्' असा आवाज झाला. बाण खिडकीच्या कडेतून आरपार जाऊन चिखलात. नर दोन उड्या मारून थांबला, मागे वळून बघितलं आणि चालत निघून गेला. पळालाही नाही, हे जास्त लागलं. त्या लपणीला अजून ठिगळ आहे.

धनुष्याच्या वरच्या टोकाला छताची काडी लागत नाही ना, ओढताना कोपर मागच्या भिंतीला घासत नाही ना, हेही त्याच बैठकीत बघा. टोकांना चाकं असलेलं आखूड कंपाउंड धनुष्य लपणीत बरं पडतं. लांब पारंपरिक धनुष्यवाल्याने मोठी लपण घ्यावी किंवा धनुष्य तिरपं धरायची सवय करावी. आणि सराव बसून करा. उभ्याने शंभर बाण मारलेला माणूस खुर्चीत बसल्यावर पहिला बाण हमखास चुकवतो.

खिडकीच्या जाळीतून बाण मारता येतो का?

त्यासाठीच केलेली जाळी असेल आणि बाणाचं पातं पक्कं असेल तर येतो. उघडमीट पात्यांचं टोक असेल तर कधीच नाही. पाती जाळीतच उघडतात आणि बाण भरकटतो. मी जाळी उघडीच ठेवते.

किती अंतरापर्यंत बाण सोडावा?

मी वीस वारांपुढे सोडत नाही, आणि लपणीतून बहुधा त्यापेक्षा जवळूनच संधी येते. हिशेब करून बघा. वीस वार म्हणजे ६० फूट. दोरीचा आवाज सेकंदाला साधारण ११०० फुटांनी जातो, हरणाला तो सेकंदाच्या विसाव्या भागात पोचतो. बाण सेकंदाला २८० फुटांनी गेला तरी त्याला एक-पंचमांश सेकंद लागतो. मधल्या वेळात दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी खाली दबतं, आणि बाण पाठीवरून जातो किंवा भलतीकडे लागतो. अंतर वाढलं की हा वेळ वाढतो. चाळीस वारांवर बाण मारून फुशारकी मारणारे भेटतील, त्यांनी जखमी करून हरवलेल्या हरणांबद्दलही विचारा.

नेम कुठे? आणि बाण लागल्यावर?

हरीण आडवं उभं असावं किंवा किंचित पलीकडे तोंड करून. पुढच्या पायाच्या मागे, शरीराच्या खालून एक-तृतीयांश उंचीवर हृदय आणि फुफ्फुसं. समोरून तोंड करून उभ्या हरणावर बाण नाही, कितीही जवळ असलं तरी. जमिनीवरून बाण सपाट जातो, त्यामुळे झाडावरून दिसतो तो तिरका कोन विसरा.

बाण लागला की बसून राहा. फुफ्फुसात लागला असं वाटलं तरी अर्धा तास. यकृतात लागला तर चार तास, आतड्यात लागला तर आठ ते बारा. बाणावरचं रक्त बघून ठरवायचं: फेसाळ गुलाबी म्हणजे फुफ्फुस, काळपट लाल म्हणजे यकृत, हिरवट घाण वास म्हणजे आतडं. घाईने मागे लागलात तर जवळच आडवं झालेलं हरीण उठून दोन मैल जातं. हरीण सापडलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत डीएनआरकडे नोंद करायची.

परवाना कसा मिळतो? एच-वन-बी व्हिसावर चालतं का?

१ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनमध्ये आधी शिकारी सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो. तो झाला की धनुष्याचा परवाना ऑनलाइन मिळतो. आडव्या धनुष्याला, म्हणजे क्रॉसबोला, २०१४ पासून सगळ्यांना मुभा आहे. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालतो, मध्ये नोव्हेंबर अखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा हंगाम. त्या नऊ दिवसांत धनुष्यवाल्यालाही नारिंगी घालावंच लागतं. त्या काळात मी लपणीतही टोपी काढत नाही.

व्हिसाचा प्रश्न मुख्यतः बंदुकीचा आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला संघराज्याचा कायदा मनाई करतो. वैध शिकार परवाना असणाऱ्यांना त्यात अपवाद आहे. धनुष्य त्या कायद्यात बंदूक धरलं जात नाही. आमच्यातले बरेच जण धनुष्याकडे वळले त्यामागे हेही एक कारण आहे. तरी ग्रीन कार्डाची फाइल चालू असेल तर वकिलाला एक फोन करा.

थंडीत आत हीटर लावावा का?

मी लावत नाही. बंद लपणीत गॅसचा हीटर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि भिंतीचं कापड पेट घेतं ते वेगळं. लावायचाच असेल तर वर-खाली दोन्हीकडे फट ठेवा आणि कापडापासून लांब. त्यापेक्षा पायाखाली जुन्या सतरंजीचा तुकडा टाका. थंडी जमिनीतून चढते, आणि सतरंजीवर बुटांचा आवाजही होत नाही.

बर्फ पडला की छप्पर झटकायला जा. ओल्या बर्फाने काड्या मोडतात.

गोचीड?

हो, आहेत, आणि लाइम रोग पसरवतात. कपड्यांना परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक आधीच मारून वाळवा, पँटचे पाय मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघा. लपणीतलं गवत बाहेरून आणलेलं असेल तर जास्त बघा.

मटण खाण्यासारखं असतं का? त्या रोगाचं काय?

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला, तोही याच नैर्ऋत्य भागात. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगी निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. मी प्रत्येक हरणाचा नमुना तपासायला देते, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये चिठ्ठी लावून. या रोगामुळेच लपणीसमोर दाणा टाकायला अनेक काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, बंदी आहे.

शिजवताना चरबी सगळी काढा, ती टाळूला मेणासारखी चिकटते. खांद्याचं मांस कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सावकाश शिजवलं तर सुकं झकास होतं. पाठीच्या पट्टीला मसाला लावणाऱ्यावर मात्र मी रागावते. तिला मीठ, मिरपूड आणि गरम तवा पुरे.

सुटीत भारतात गेल्यावर असं काही करता येईल?

शिकार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे, आणि प्रयत्न करणंही त्यात शिकारच धरलं जातं. लपण मात्र कॅमेऱ्यासाठी लावता येते, हेच सगळं गणित तिथेही चालतं: काळोख, वारा, ऊन पाठीशी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणांवर लोकांना बसू देतं, जमलं तर त्याचं आरक्षण धरा.

लपण पिशवीत परत जात नाही. काय करू?

हा प्रश्न मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त येतो, बहुधा अंधारात, गाडीजवळून, फोनवर. आधी छताचा गाठा आतून खाली ओढा, मग भिंतींचे चारही गाठे आत ढकला. मग एका कोपऱ्यात उभं राहून चारी कोपरे छत्रीसारखे एकत्र आणा, आणि हवा बाहेर काढत पायथ्याकडून वर पट्ट्याने आवळा. खिडक्या आधी उघड्या ठेवल्या नसतील तर हवा आत अडकते आणि ती पुन्हा फुगते. बहुतेकांचं इथेच चुकतं. ओली असेल तर पिशवीत घालूच नका, तशीच गाडीत टाका आणि घरी गॅरेजमध्ये दोन दिवस उभी ठेवा. गॅरेजमध्ये ठेवताना छताला टांगा. मी एका वर्षी जमिनीवर ठेवली होती. सप्टेंबरमध्ये पिशवी उघडली तर कोपऱ्यात उंदराने घर केलेलं, आणि गादीला माझ्याच काळ्या माकडटोपीची लोकर.